रांग टाळून अजिंठा

मागच्या जानेवारीत नात पुण्याहून आली ती मोबाइल नाचवतच. "आजी, अजिंठ्याचं बुकिंग केलंय. गाडी, गाइड, ऑनलाइन तिकीट, सगळं. तुला रांगेत उभं राहायचं नाही!" हीच पोरगी दोन वर्षांपूर्वी पॅरिसला गेली होती तेव्हा लूव्रमध्ये जादा पैसे भरून रांग टाळून आत शिरली होती, आणि मोनालिसासमोर तिला अर्धं मिनिट मिळालं होतं. तेही समोरच्या माणसाच्या वर केलेल्या मोबाइलमधून! तेव्हा मी तिला म्हटलं होतं की एवढे पैसे घालून फोनमध्येच बघायचं तर घरी काय वाईट होतं? ते तिने मनात ठेवलं असावं. आता आजीला आपल्याच मुलखातला चित्रांचा वाडा दाखवायचा, आणि तोही रांगेशिवाय, असा बेत होता.

मी अजिंठ्याला पूर्वी एकदाच गेले होते. 1986 साली, शाळेची नववीची सहल घेऊन. त्या सहलीतली एक गोष्ट माझ्या मनात रुतून बसली आहे. ती सांगायचीच आहे, पण जरा थांबा मंडळी.

अकोल्याहून पहाटे पाचला निघालो. बाळापूरला अंधारच होता, त्यामुळे मिर्झाराजा जयसिंगाची छत्री नातीला दाखवायची राहिली. खामगाव, बुलढाणा करत ऊन चढेपर्यंत अजिंठ्याचा घाट उतरून फर्दापूरला पोचलो. तिथे गाडी सोडावी लागते आणि लेण्यांपर्यंत त्यांच्याच बसने जावं लागतं. आणि बससाठी? रांग! चांगली पाऊण तासाची. नात हिरमुसली. मला मात्र हसू आलं. पुढे तिकिटाच्या खिडकीपाशी आमच्या गाइडने मोबाइलवरचं ते ठिपक्यांचं चौकोनी चित्र दाखवलं आणि आम्ही खिडकीवरची माणसं ओलांडून सरळ आत गेलो. दहा मिनिटं वाचली असतील.

पण गाइड हुशार निघाला. फर्दापूरकडचाच माणूस, वीस-बावीस वर्षं हेच काम करणारा. म्हणाला, "आजी, सगळे लोक एक नंबरपासून सुरू करतात. आपण शेवटून सुरू करू. गर्दी उलटी भेटेल." गुडघ्यांमुळे मला डोली करावी लागली. चार माणसांच्या खांद्यावर बसून जायची लाज वाटते हो. मी सारखी "दमलात का, दमलात का" विचारत होते. शेवटी एक जण म्हणाला, "मावशी, तुम्ही हलू नका, तेवढं केलं तरी पुष्कळ आहे."

सव्वीस नंबरच्या लेण्यात बुद्धाचं महापरिनिर्वाण पाहिलं. एवढी मोठी आडवी मूर्ती आणि तिच्या पायथ्याशी रडणारे शिष्य. तिथे आमच्याशिवाय कोणी नव्हतं. रांग टाळणं म्हणतात ते हेच असावं. नंतर सतरा नंबर. त्यातला तो भिक्षापात्र घेतलेला बुद्ध आणि समोर आई व मूल, यशोधरा आणि राहुल म्हणतात. आई मुलाला पुढे करते आहे आणि स्वतःही वर बघते आहे. चित्राला दीड हजार वर्षं झाली. मी डोलीवाल्यांना विसरले, गुडघे विसरले.

गाइड बॅटरीच्या उजेडात सांगत होता. दगडावर चिखलाचा गिलावा, त्यात भाताचं तूस, गवताचे तंतू. त्यावर चुन्याचा पातळ हात, मग रंग. काव, पिवळी माती, हिरवी माती, दिव्याची काजळी, सगळं जवळपासचं. निळा मात्र लाजवर्दी दगडाचा, तो अफगाणिस्तानातून यायचा. आता विचार करा, बैलांच्या तांड्यांनी आणि उंटांनी तो दगड इथवर यायचा आणि या डोंगराच्या पोटात एका राजकन्येच्या फुलांना लावला जायचा. त्याला पैसा लागला असेल की नाही? तो कोणी दिला?

हाच प्रश्न 1986 साली मला विचारला गेला होता.

सहलीतला एक मुलगा. वाशीमकडचा, मामाकडे राहून शिकायचा. तेव्हा वाशीम अकोला जिल्ह्यातच होतं, वेगळा जिल्हा 1998 साली झाला. मुलगा अभ्यासात बेताचा, पण डोळे उघडे ठेवणारा. सोळा नंबरच्या ओसरीत आम्ही चाळीस मुलांना बसवून हजेरी घेत होतो, तेव्हा तो म्हणाला, "बाई, हे कोनं बनवलं जी? पैसे कोनं देल्ले?"

मी म्हटलं, "गुप्त राजांनी." आणि वर, "वर्गात लक्ष कुठे असतं तुझं?" मुलं हसली. तो खाली बसला.

आमच्या पुस्तकात तसंच होतं हो. सुवर्णयुग म्हणजे गुप्तकाळ, कालिदास, अजिंठा, लोहस्तंभ, एका दमात म्हणायचं. मी तेच तीस वर्षं शिकवलं. निवृत्तीनंतर वाचायला वेळ मिळाला आणि मग हळूहळू कळलं की मी ज्या ओसरीत बसून ते उत्तर दिलं, तिच्याच डाव्या बाजूच्या भिंतीवर खरं उत्तर कोरलेलं होतं. माझ्यापासून हातभर अंतरावर.

गाइडने ते दाखवलं. झिजलेल्या, फुटलेल्या ओळी. वाकाटकांच्या लेखांत अक्षरांच्या डोक्यावर पेटीसारखा चौकोन असतो, तो कुठे कुठे दिसतो. हा लेख वराहदेवाचा. वराहदेव हा हरिषेण राजाचा मंत्री, आणि हरिषेण वाकाटकांच्या वत्सगुल्म शाखेचा राजा. वत्सगुल्म म्हणजे आपलं वाशीम! इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात अजिंठ्याची बहुतेक रंगवलेली लेणी झाली ती या हरिषेणाच्या अमदानीत. लेखात आधी वाकाटक राजांची वंशावळ आहे, मग वराहदेवाचं घराणं. त्याचे वडील हस्तिभोज हे हरिषेणाच्या बापाचे, देवसेनाचे मंत्री. शेवटी तो सांगतो की आयुष्य, तारुण्य, संपत्ती काही टिकत नाही हे जाणून, आईवडिलांसाठी म्हणून हे घर भिक्षूंना राहायला करवलं. त्यात गवाक्षं आहेत, वेदिका आहेत, अप्सरांच्या मूर्ती आहेत, वीथी आहेत. वीथी म्हणजे गॅलरीच की आजच्या भाषेत!

या लेखाचीही गंमत आहे. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाडांनी तो वाचला, नंतर ब्यूलरसाहेबाने. पण वंशावळीतलं एक नाव चुकीचं लागलं होतं, त्यामुळे वाकाटकांची एकच शाखा आहे असं सगळे धरून चालले होते. मग 1939 साली वाशीममध्येच विंध्यशक्ती दुसरा याचा ताम्रपट उजेडात आला. त्यात सर्वसेन नावाचा राजा होता आणि दान वत्सगुल्माहून दिलेलं होतं. ते पाहून महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी अजिंठ्याचा लेख पुन्हा तपासला आणि तिथेही सर्वसेन सापडला. वाशीमच्या तांब्याच्या पत्र्यांनी अजिंठ्याची भिंत वाचून दिली म्हणा ना. सर्वसेन हा या शाखेचा पहिला राजा, आणि प्राकृतातल्या 'हरिविजय' काव्याचा कर्ता.

आता माझी खरी शरम सांगते. माझं बी.ए. अमरावतीच्या विदर्भ महाविद्यालयातलं. मिराशी 1947 नंतर काही वर्षं त्याच कॉलेजचे प्राचार्य होते. त्यांचं 'वाकाटक नृपति आणि त्यांचा काल' हे पुस्तक 1957 सालचं, म्हणजे मी कॉलेजात पाऊल टाकलं त्याच्या दहा-बारा वर्षं आधीचं, आणि चक्क मराठीतलं. मी इतिहास घेऊन बी.ए. झाले. नोट्सवर पास झाले. ते पुस्तक मी हातात घेतलं वयाच्या एकसष्टाव्या वर्षी.

अमरावतीच्या मंडळींनी हसू नये, त्यांच्याही अंगणात आहे. अचलपूरजवळच्या चम्मक गावी वाकाटकांच्या दुसऱ्या शाखेतल्या प्रवरसेनाचा ताम्रपट मिळाला. एक हजार ब्राह्मणांना गाव दान दिलं, गावाचं नाव चर्मांक. पंधराशे वर्षांत राज्यं किती आली नि गेली, गाव चम्मकच राहिलं. या प्रवरसेनाची आई प्रभावतीगुप्ता ही चंद्रगुप्त दुसरा याची लेक. म्हणजे गुप्त आपले व्याही. व्याह्यांनी आपल्या घरात येऊन वाडा बांधला असं मी तीस वर्षं शिकवत होते!

आणि वाशीमजवळच्या हिस्से बोराळ्याला देवसेनाच्या काळातला शिलालेख मिळाला, शके 380 चा, म्हणजे इ. स. 457-58. स्वामिल्लदेव नावाच्या अधिकाऱ्याने सुदर्शन नावाचा तलाव बांधला, असं त्यात आहे. एका पिढीत तलाव, पुढच्या पिढीत अजिंठा. हरिषेणानंतर मात्र सगळं भराभर ढासळलं. वॉल्टर स्पिंक या अमेरिकन अभ्यासकाने लेण्यांमागे आयुष्य घातलं. त्यांचं म्हणणं असं की हरिषेण साधारण 477 च्या सुमारास वारला आणि दोन-चार वर्षांत छिन्नी-हातोडे थांबले. स्पिंक यांच्या साली सगळ्यांना पटत नाहीत. पण अर्धवट कोरलेले खांब तर डोळ्यांना दिसतातच.

दहा नंबरच्या लेण्यात एका खांबावर जॉन स्मिथचं नाव दिसतं. 28 एप्रिल 1819 ला वाघाच्या शिकारीला आलेल्या या इंग्रज अधिकाऱ्याने चित्रावरच नाव कोरलं. आपल्या पोरांनी भिंतीवर बदाम काढला की आपण ओरडतो... असो. मला त्याच्यापेक्षा रॉबर्ट गिल जवळचा वाटतो. 1844 पासून वर्षानुवर्षं तो अजिंठ्यात राहून चित्रांच्या नकला करत राहिला. त्या लंडनला गेल्या आणि 1866 साली क्रिस्टल पॅलेसच्या आगीत बहुतेक जळाल्या. मग ग्रिफिथ्स यांनी जे.जे. स्कूल ऑफ आर्टच्या मुलांना घेऊन 1872 पासून पुन्हा नकला केल्या. त्यातल्या पुष्कळ 1885 साली साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयातल्या आगीत गेल्या! जे जपायला म्हणून नेलं ते जळालं, आणि डोंगरातलं तेवढं राहिलं. गिल 1879 साली वारला, त्याची कबर भुसावळला आहे. भुसावळवरून आपण शंभरदा गाडी बदलतो.

एक नंबरला शेवटी पोचलो तेव्हा मात्र गर्दी होतीच. चाळीसेक माणसं आत सोडतात, ती बाहेर आली की पुढची. चपला काढून, ऊन खात आम्ही रांगेत उभे. नात म्हणाली, "आजी, हे मी टाळू शकले नाही गं." मी म्हटलं, बरंच झालं. रांगेत एक आजोबा आणि त्यांची नातवंडं होती, चिखलीची. मी त्यांना वाशीमचं सगळं सांगितलं. गाइडही ऐकत उभा होता. मग आत पद्मपाणी. त्याच्याबद्दल मी लिहिणार नाही. जाऊन बघा.

घरी आल्यावर तीन दिवस चैन पडेना. त्या मुलाचा नंबर मिळवला. आता त्रेपन्न-चौपन्नचा आहे, वाशीमकडे कृषी केंद्र चालवतो. म्हटलं, "अरे, तू सहलीत विचारलं होतंस, हे कोणी बनवलं. मी गुप्त राजे म्हणाले. ते चुकलं होतं. ते तुझ्याच गावच्या राजाच्या मंत्र्याने बनवलं, आणि वर तुला सगळ्यांसमोर बोलले."

तो थोडा वेळ गप्प. मग म्हणाला, "बाई, मले तं काहीच आठवत नाही जी. येताना एस.टी. पंचर झाल्ती अन् तुम्ही सगळ्यायले आपल्या डब्यातल्या पुऱ्या देल्ल्या, तेवढं आठवते."

मग म्हणाला, "कोन्ता राजा म्हन्लं?"

मी सांगायला लागले. मध्येच गिऱ्हाईक आलं, त्याने "थांब ना बाप्पा, बाई बोलून राहिल्या" म्हणून त्याला बसवून ठेवलं. सर्वसेन, देवसेन, हरिषेण, तिघांची नावं त्याने बिलबुकाच्या मागे लिहून घेतली. हिस्से बोराळा त्याला माहीत होतं, तिथे त्याचं खत जातं. तलावाचं माहीत नव्हतं.

पावसाळ्यानंतर ये म्हणाला आहे, मोटरसायकल नको, गाडी पाठवतो. दसरा झाला की जायचं ठरलं आहे.