ग्राफीन : शोध नेमका कोणाचा?

शिसपेन्सिलीत शिसे नसते, हे आपण मुलांना सांगतो. मग नावात शिसे आले कोठून? सोळाव्या शतकात इंग्लंडमधील बॉरोडेल येथे जो काळा, मऊ पदार्थ सापडला तो लोकांना शिशाचाच प्रकार वाटला. तो कार्बन आहे हे स्वीडनमध्ये काम करणाऱ्या शेले यांनी १७७९ साली दाखवले. दहा वर्षांनी वेर्नर यांनी ‘लिहिणे’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याला ग्राफाइट हे नाव दिले.

ग्राफाइटची रचना १९२४ साली बर्नाल यांनी निश्चित केली. कार्बनचे अणू मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या षट्कोनी जाळीत बसलेले असतात आणि अशा जाळ्या एकीवर एक रचलेल्या असतात. दोन जाळ्यांमधले अंतर ०.३३५ नॅनोमीटर, म्हणजे एक मिलिमीटर जाडीत सुमारे तीस लाख थर! थराच्या आतले बंध अतिशय बळकट, पण थराथरांमधली पकड दुबळी. कागदावर पेन्सिल उमटते ती त्यामुळेच.

यातला एकच थर सुटा मिळाला तर? १९४७ साली वॉलेस यांनी अशा एका थरातील इलेक्ट्रॉनांचे गणित मांडले होते, पण ते ग्राफाइट समजून घेण्यासाठी. असा थर प्रत्यक्षात टिकेल असे फारसे कोणाला वाटत नव्हते. उष्णतेच्या कंपनांमुळे सपाट, द्विमितीय स्फटिक स्थिर राहू शकणार नाहीत, असे लँडाऊ आणि पायर्ल्स यांनी १९३० च्या दशकात दाखवले होते.

आता पाठ्यपुस्तकी वाक्य पाहा : ‘ग्राफीनचा शोध २००४ साली लागला.’ हे वाक्य मला अपुरे वाटते. १८५९ साली ब्रॉडी यांनी तीव्र ऑक्सिडीकारक वापरून ग्राफाइटचे ऑक्साइड बनवले होते. त्याच वाटेने जात १९६२ साली जर्मनीत ब्योम यांनी त्या ऑक्साइडचे क्षपण केले आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली अतिशय पातळ पापुद्रे पाहिले. त्यांतले काही एकाच थराचे असावेत असा निष्कर्ष त्यांनी काढला. ‘ग्राफीन’ हे नावही ब्योम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ साली सुचवले.

मग मँचेस्टरच्या गाइम आणि नोव्होसेलोव्ह यांनी केले काय? गाइम यांनी एका विद्यार्थ्याला ग्राफाइटचा तुकडा घासून शक्य तितका पातळ करायला सांगितले होते. उरलेला कण तरीही जाडच निघाला. तेव्हा एका सहकाऱ्याने चिकटपट्टी आणून दाखवली. ग्राफाइटचा पृष्ठभाग स्वच्छ करायला ती वापरत आणि टाकून देत. तिला चिकटलेले पापुद्रे त्या घासलेल्या कणापेक्षा कितीतरी पातळ होते! सिलिकॉनवर सुमारे ३०० नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा लेप असेल, तर प्रकाशाच्या व्यतिकरणामुळे एक थरही साध्या सूक्ष्मदर्शकातून ओळखता येतो. अशा पापुद्र्यांना विद्युतअग्रे जोडून त्यांनी मोजमापे केली. निबंध ऑक्टोबर २००४ मध्ये ‘सायन्स’मध्ये छापून आला आणि २०१० साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. आधीच्यांचे, विशेषतः ब्योम यांचे श्रेय गाइम यांनी पुढे स्वतःच लिहून मान्य केले. ब्योम यांनी थर पाहिला, मँचेस्टरकरांनी तो हाताळून दाखवला, असे म्हणणे मला अधिक न्याय्य वाटते.

लँडाऊंचे गणितही खोटे ठरले नाही. ग्राफीन बहुधा कशाच्या तरी आधाराने असते, आणि अधांतरी ताणले तर त्याला सूक्ष्म सुरकुत्या पडतात.

या थराच्या उपयोगांबद्दल मात्र सुरुवातीला फार बोलले गेले. ग्राफीन सिलिकॉनची जागा घेईल ही आशा फळली नाही, कारण त्यात ऊर्जापट्ट्यांमधली फट नसते आणि त्याचा ट्रान्झिस्टर पुरता ‘बंद’ होत नाही. संवेदक, बॅटऱ्या, रबर, रंग, प्लॅस्टिकची मिश्रणे येथे त्याला काम मिळाले. मोठे सलग पडदे २००९ पासून तापलेल्या तांब्यावर मिथेन वायू सोडून बनवता येऊ लागले. चिकटपट्टीने कारखाना चालत नाही. मिश्रणांत घालायच्या भुकटीपैकी बरीचशी आजही ग्राफाइटच्या ऑक्साइडमधून, म्हणजे ब्रॉडी आणि ब्योम यांच्याच वाटेने तयार होते.