कळमन्यातली छत्तीसगढी

कळमना म्हटलं की संत्री, मिरची आणि धान्याचे लिलाव आठवतात. पण पूर्व नागपुरात मराठी-हिंदीच्या गलक्यात आणखी एक भाषा कानावर पडते. त्या भाषेत आई म्हणजे ‘महतारी’ आणि पोरगा म्हणजे ‘लइका’. ही छत्तीसगढी.

तिचं नागपूरशी नातं जुनं आहे. १७४१ मध्ये भोसल्यांच्या फौजा रतनपूरला पोचल्या आणि छत्तीसगढ नागपूरच्या सत्तेखाली आलं. १८५४ मध्ये इंग्रजांनी हे राज्य खालसा केलं. १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला, त्याचीही राजधानी नागपूरच. पुढे बंगाल-नागपूर रेल्वे आली आणि कामाच्या शोधात निघालेल्यांना वाट सोपी झाली. १९५६ मध्ये प्रांतांची फेररचना झाली, नकाशावर रेघ पडली आणि कालपर्यंत एकाच प्रांतातली असलेली माणसं नागपुरात ‘बाहेरची’ ठरली.

माणसं बाहेरची ठरली, तशी भाषा ‘बोली’ ठरली. वास्तविक धमतरीचे शिक्षक हिरालाल काव्योपाध्याय यांनी १८८५ मध्येच छत्तीसगढीचं व्याकरण लिहिलं होतं. जॉर्ज ग्रियर्सन यांनी ते इंग्रजीत आणून १८९० मध्ये छापलं. याच ग्रियर्सन यांनी त्याआधी बिहारच्या मैथिलीचंही व्याकरण लिहिलं होतं.

पुढे मात्र दोघींच्या वाटा वेगळ्या झाल्या. मैथिलीला १९६५ मध्ये साहित्य अकादमीची मान्यता मिळाली, २००३ मध्ये ९२ व्या घटनादुरुस्तीने ती आठव्या अनुसूचीत गेली. १९९१ च्या जनगणनेत हिंदीखाली मोजलेली मैथिली २००१ पासून स्वतंत्र मोजली जाऊ लागली. छत्तीसगढीला २००७ मध्ये तिच्या राज्यात राजभाषेचा दर्जा मिळाला, पण अनुसूचीचं दार उघडलं नाही. २०११ च्या जनगणनेत मैथिली बोलणारे होते सुमारे १ कोटी ३५ लाख. छत्तीसगढी बोलणारे १ कोटी ६२ लाख, तरी त्यांची बेरीज हिंदीतच झाली.

म्हणजे भाषा कोणती आणि बोली कोणती, हे डोकी मोजून ठरत नाही. त्यासाठी मागणी लावून धरणारे लोक लागतात.

तरीही हा १ कोटी ६२ लाखांचा आकडा आहे, कारण तेवढ्या लोकांनी ‘मातृभाषा?’ या प्रश्नाला ‘छत्तीसगढी’ असं उत्तर दिलं. प्रगणक तुम्ही सांगाल तेच लिहितो. शाळेत मराठी आणि बाजारात हिंदी बोलणाऱ्या कळमन्यातल्या एखाद्या लइकाने उद्या तिथे ‘हिंदी’ सांगितलं, तर त्याच्या महतारीची भाषा त्या आकड्यातूनही एकाने कमी होईल.