कैरोच्या स्थानकावरील माणसे

१९३५ साली कैरो येथे ‘स्टुडिओ मिस्र’ सुरू झाला आणि मिसर देश अरबी चित्रपटांचे माहेरघर बनला. हे घर उभारणारे हात एका धर्माचे वा वंशाचे नव्हते. दिग्दर्शक तोगो मिझराही ज्यू होते. गायिका-नटी लैला मुराद यांचा जन्मही ज्यू कुटुंबातलाच. छायालेखक ओर्फानेल्ली इटालियन वंशाचे. पडद्यामागे असे वैविध्य असले तरी पडद्यावर बहुधा दिवाणखाने, पाशा आणि त्यांच्या कन्याच दिसत. हमाल, फेरीवाले, दक्षिणेकडून पोटासाठी आलेले ‘सईदी’ यांना फार तर हशा पिकवण्यापुरती जागा मिळे.

या पार्श्वभूमीवर १९५८ साली आलेल्या ‘बाब अल्-हदीद’ या गुन्हेगारीपटाचे महत्त्व ध्यानी घेतले पाहिजे. दिग्दर्शक युसुफ शाहीन हे अलेक्झांड्रियाच्या ख्रिस्ती कुटुंबातले. त्यांनी बंगला सोडून कॅमेरा कैरोच्या मुख्य रेल्वे स्थानकावर नेला. छायालेखन त्याच ओर्फानेल्लींचे होते.

कथा जवळजवळ एका दिवसाची आहे. किनावी हा लंगडा वृत्तपत्रविक्रेता. आपल्याकडे सातारकर, नागपूरकर म्हणावे तसे त्याच्या नावातच दक्षिणेकडील किना प्रांत आहे. परवान्याविना थंड पेये विकणारी हनूमा त्याला आवडते. पण तिचे लग्न अबू सेरी या हमालाशी ठरलेले. हा अबू सेरी हमालांची संघटना बांधू पाहतो. तिकडे नकाराने आणि चेष्टेने पिचलेला किनावी खुनाची बातमी वाचून सुरा विकत घेतो आणि अंधारात भलत्याच स्त्रीवर वार करतो.

वाचकहो, गुन्हा घडला याचे आश्चर्य नाही. तो कसा घडत गेला हे दिग्दर्शकाने दाखवले. किनावीला निवारा देणारा माणूस भेटला, पण बरोबरीने वागवणारे फारसे कोणी भेटले नाही. म्हणून त्याचा अपराध माफ होत नाही. हनूमाही केवळ त्याच्या इच्छेचे निमित्त नाही. पोलिसांना चुकवून स्वतःच्या कष्टावर जगणारी ती स्वतंत्र स्त्री आहे. हिंद रुस्तम यांनी ती उभी केली. किनावीची भूमिका खुद्द शाहीन यांनी केली.

हा चित्रपट बर्लिनच्या महोत्सवात गेला, परंतु स्वदेशी प्रेक्षक नाराज झाले. फरीद शौकी म्हणजे मारामारीचा नायक, अशी त्यांची अपेक्षा. समोर आला तो संघटनेची भाषा बोलणारा हमाल आणि दयनीय खुनशी नायक. आरशात स्वतःचा चेहरा पाहणे कोणत्याही समाजाला सहजासहजी रुचत नाही. पुढे मात्र याच कृतीची गणना अरबी चित्रपटांतील श्रेष्ठ कृतींत होऊ लागली. १९९७ साली कान महोत्सवाने शाहीन यांचा त्यांच्या एकूण कार्यासाठी गौरव केला. २००८ साली ते निवर्तले.

एखाद्या देशात किती जातीधर्मांचे लोक राहतात, हे खानेसुमारीवरून कळते. त्यांपैकी कोणाला माणूस म्हणून मोजले जाते, हे त्या देशाच्या कथांवरून कळते. शाहीन यांनी ही मोजणी स्थानकाच्या फलाटावरून सुरू केली.