दरखास्त क्रमांक चार

निजामाच्या अमदानीत नांदेडच्या कचेरीपुढे जो मराठी कुणबी आपले गाऱ्हाणे घेऊन उभा राही, त्याच्या वाटेतील पहिली धोंड गाऱ्हाण्याच्या खरेखोटेपणाची नसून भाषेची असे. घरी तो मराठी बोले, गावचा पटवारीही आपले दप्तर मराठीत, बहुधा मोडी वळणाने, लिही. परंतु तहसिलीचा उंबरठा ओलांडला की मिसल उर्दूत, हुकूम उर्दूत आणि हुकुमावरील तारीखही फसली सनाची, आजूर, दय, बहमन अशा इराणी महिन्यांची. पहिल्या सालारजंगाने १८६५ साली जिल्हाबंदी करून अव्वल तालुकदार, दुय्यम तालुकदार आणि तहसीलदार अशी अधिकाऱ्यांची उतरंड रचली तेव्हा दप्तराची भाषा फारसी होती, आणि १८८४ च्या सुमारास तिची जागा उर्दूने घेतली तरी रयतेच्या दृष्टीने एका परक्या भाषेच्या जागी दुसरी आली, इतकाच काय तो फरक पडला. नांदेड हे जिल्ह्याचे ठाणे आणि लातूर हे उस्मानाबाद जिल्ह्यातील एक तालुक्याचे गाव, एवढे सोडले तर या बाबतीत दोन्ही ठिकाणच्या खेडुताची अवस्था एकच होती.

या दोन भाषांमधल्या दरीवर ज्याची उपजीविका चाले तो अर्जनवीस. कचेरीच्या आवारात, झाडाच्या सावलीत, सतरंजी टाकून आणि कलमदान पुढे मांडून बसलेल्या या मनुष्यास कायद्याचे ज्ञान किती होते हा प्रश्न गौण आहे. त्याला अर्जाचा घाट ठाऊक होता. अर्जदाराचे नाव आणि मौजा कोठे लिहावा, मजकूर कोठून सुरू व्हावा, मागणी कोणत्या शब्दांत मांडावी, किती किमतीचे तिकीट डकवावे आणि मुख्य म्हणजे कागद कोणत्या मेजावर ठेवावा, हे त्याला अचूक ठाऊक असे. कुणब्याने तासभर सांगितलेल्या कर्मकथेतील चार ओळीच कागदावर उतरत, परंतु त्या चार ओळींना कचेरी उत्तर देई, आणि कथेला देत नसे.

संगणकाच्या पोटात नेमकी हीच व्यवस्था आहे, हे मला फार उशिरा उमगले. आपण लिहिलेला कोणताही प्रोग्रॅम तबकडीवरचे एक अक्षर स्वतः वाचू शकत नाही, पडद्यावर एक ठिपका स्वतः उमटवू शकत नाही, दुसऱ्या प्रोग्रॅमला स्वतः जन्म देऊ शकत नाही. ही सारी सत्ता ऑपरेटिंग सिस्टीमच्या हाती, आणि तिच्यातही अगदी आतल्या कर्नलच्या हाती एकवटलेली असते. इतर सर्वांनी अर्ज करायचा. सत्तेची ही विभागणी यंत्राबरोबर उपजलेली नाही. आरंभीच्या यंत्रांवर प्रोग्रॅम हाच राजा असे, कारण एका वेळी एकच प्रोग्रॅम चाले. अनेकांचे काम एकाच यंत्रावर एकत्र चालू लागले तेव्हा एकाने दुसऱ्याचे शेत नांगरू नये म्हणून मध्ये सरकार बसवावे लागले. १९६२ साली मँचेस्टर येथे सुरू झालेल्या ॲटलस यंत्रावर असा एक ‘सुपरवायझर’ होता आणि त्याच्याकडे जाण्यासाठी काही खास आज्ञा राखून ठेवलेल्या होत्या.

पण ज्या कचेरीचा रिवाज पुढे जगभर रूढ झाला ती युनिक्सची. बेल प्रयोगशाळेत केन टॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी १९६९ मध्ये तिचा पाया घातला आणि ३ नोव्हेंबर १९७१ या तारखेची तिची पहिली नियमपुस्तिका निघाली. त्या पुस्तिकेत प्रत्येक मागणीला, म्हणजे आजच्या बोलीत सिस्टीम कॉलला, एक क्रमांक दिलेला आहे. प्रोग्रॅम संपवणे हा क्रमांक एक, स्वतःसारखाच दुसरा निर्माण करणे हा दोन, वाचणे तीन, लिहिणे चार, फाइल उघडणे पाच. प्रोग्रॅमने क्रमांक आणि सोबतचे तपशील ठरलेल्या जागी ठेवायचे, ‘ट्रॅप’ नावाची एक आज्ञा उच्चारायची, आणि मग प्रोसेसर प्रोग्रॅमच्या हातून कारभार काढून तो कर्नलच्या स्वाधीन करी. फाइल निर्माण करण्याच्या मागणीचे नाव लिहिताना टॉम्प्सनने ‘क्रिएट’ या इंग्रजी शब्दाचे शेवटचे अक्षर गाळले ते गाळलेच. पुन्हा युनिक्स लिहायचे झाले तर काय बदलाल, असे पुढे कोणी विचारले तेव्हा ते एक अक्षर घालीन, असे उत्तर त्याने दिल्याचे सांगतात. ते अक्षर आजतागायत घातले गेलेले नाही. एकदा दप्तरी पडलेले लेखन दुरुस्त होत नाही, हे ज्यांच्या आजोबांचे आडनाव सातबाऱ्यावर चुकले आहे त्यांना मी वेगळे सांगायला नको. फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्सने १९९१ साली लिनक्सची मुहूर्तमेढ रोवली तेव्हाही लिहिण्याचा अर्ज चार क्रमांकाचाच राहिला.

आता ज्यांना आपण स्क्रिप्टिंग भाषा म्हणतो त्या या व्यवस्थेतल्या मराठी कुणब्यासारख्या होत. सी ही भाषा युनिक्सच्या घरातच वाढली, किंबहुना १९७३ मध्ये युनिक्सच सीमध्ये पुन्हा लिहिले गेले, त्यामुळे सीला दरबारी बोली जन्मतः अवगत. परंतु बेसिक, पर्ल, पायथन यांसारख्या भाषा प्रोसेसरशी थेट बोलत नाहीत. त्यांचे वाक्य एक दुभाषी प्रोग्रॅम, म्हणजे इंटरप्रिटर, वाचतो आणि त्याप्रमाणे वागतो. त्यांच्या जगात शब्द लागेल तितका लांबतो, संख्या किती बाइटांची हे कोणी विचारत नाही, आणि स्मृतीतील जागा मागण्याची व सोडण्याची विवंचना लेखकाला नसते. हे सौख्य कर्नलच्या दारापर्यंतच टिकते.

आपल्या देशातील शाळकरी मुलांनी हे दार प्रथम पाहिले ते बहुधा १९८४ साली सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या ‘क्लास’ योजनेत, ज्या योजनेतून शाळांना ब्रिटिश धाटणीचे बीबीसी मायक्रो संगणक देण्यात आले. त्या यंत्रावरील बेसिकमध्ये एक मनोहर सोय होती: ए, एक्स आणि वाय या नावांच्या तीन पूर्णांकी चलांत आकडे भरून ‘कॉल’ म्हटले की ते आकडे प्रोसेसरच्या त्याच नावांच्या कप्प्यांत जाऊन पडत, आणि ऑपरेटिंग सिस्टीमच्या ठरलेल्या पत्त्यावरचे काम होऊन जाई. अर्जनविसाविना, साध्या मराठीत तालुकदाराला हाक मारावी तसाच हा प्रकार. डॉसच्या काळात ही मोकळीक आटली. क्विकबेसिकमध्ये ‘कॉल इंटरप्ट’ होते, पण त्याहून साध्या क्यूबेसिकवर भागवणाऱ्यांना यंत्रभाषेचे आकडे एका रांगेत भरून आत शिरावे लागे. त्या आडमार्गाचा इतिहास रंजक असला तरी त्यात फार काळ रमण्याचे कारण नाही.

खरा अर्जनवीस निर्माण केला लॅरी वॉलने. त्याची पर्ल ही भाषा डिसेंबर १९८७ मध्ये प्रसिद्ध झाली आणि तिच्यात युनिक्सच्या बहुतेक मागण्या भाषेच्याच शब्दसंग्रहात आणून बसवलेल्या होत्या. ज्या मागण्यांना असा शब्द मिळाला नाही त्यांच्यासाठी पर्लमध्ये ‘सिसकॉल’ नावाचे एक सर्वसाधारण दार आहे: क्रमांक द्या, तपशील द्या, पुढचे कर्नल आणि तुम्ही पाहून घ्या. या दारावर एक ताकीद लिहिलेली आहे, आणि ती वाचून मला कचेरीचीच आठवण होते. कर्नल ज्या चलात आपले उत्तर लिहिणार असेल ते चल अर्जदाराने आधीच पुरेसे लांब करून ठेवले पाहिजे. कर्नल जागा वाढवून देणार नाही. नक्कल हवी असेल तर त्यासाठीचा कोरा कागद अर्जदारानेच आणून द्यावा, ही कचेऱ्यांची जुनी चाल होती. फरक एवढाच की कागद अपुरा पडला तर नकलनवीस थांबे, आणि कर्नल मात्र शेजारच्या कागदावर लिहीत सुटतो.

क्रमांकाचा मोहही याच दाराशी फसतो. जुन्या ३२ बिटी लिनक्सवर चार म्हणजे लिहिणे. परंतु ६४ बिटी पीसींसाठी दप्तर नव्याने लावताना लिहिण्याला एक हा क्रमांक मिळाला आणि चार हा क्रमांक फाइलीची माहिती विचारण्याकडे गेला. चार हा आकडा पाठ करून बसलेला प्रोग्रॅम नव्या कचेरीत भलत्याच मेजापुढे उभा राहतो, आणि त्याला जे नकारार्थी उत्तर मिळते ते नियमाला धरूनच असते. विंडोजने तर आपल्या आतल्या क्रमांकांना कधी स्थैर्याचे अभिवचनच दिले नाही, ते आवृत्तीगणिक बदलतात. तेथे नावाने आणि मधल्या ग्रंथालयामार्फतच, म्हणजे लायब्ररीमार्फतच, जावे लागते.

विंडोजचा हा मार्ग आमच्या भागात परिचित झाला तो १९९१ साली आलेल्या व्हिज्युअल बेसिकमुळे. नांदेडला श्री गुरू गोबिंदसिंगजी यांच्या नावाचे अभियांत्रिकी महाविद्यालय १९८१ पासून होते, लातूर १९८२ मध्ये स्वतंत्र जिल्हा झाले, आणि १९९४ मध्ये नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावाने विद्यापीठ आले. पण संगणकाचे वेड पसरवले ते गल्लोगल्ली निघालेल्या क्लासांनी. अशाच एका क्लासच्या पुण्याईवर मी लातूरच्या एका आडत दुकानासाठी पट्टी छापण्याचा प्रोग्रॅम लिहिला. व्हिज्युअल बेसिकची स्वतःची छपाई डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर चित्र काढल्यासारखी रेंगाळत चाले, आणि तुरीच्या हंगामात शेतकरी तेवढा वेळ थांबत नाही. म्हणून ‘डिक्लेअर’ या विधानाने विंडोजची ‘राइटप्रिंटर’ ही मागणी थेट गाठली. छपाई झरझर होऊ लागली. पट्टी बिनचूक निघे, मात्र तिच्या पुढच्या पट्टीवर पोत्यांची संख्या शून्य येई. मी दोष विजेला दिला, मग प्रिंटरला दिला, शेवटी मुनिमालाही दिला, आणि तो बिचारा काही बोलला नाही याची आज लाज वाटते.

दोष रुपयाचा होता, असे मी म्हणेन. निजामाच्या राज्यात हाली शिक्क्याचा रुपया चाले आणि सरहद्दीपलीकडे इंग्रजी कलदार. दोघांचेही नाव रुपया, पण सहा कलदारांना सात हाली मोजावे लागत. सोलापूरच्या पेठेशी व्यवहार करणारा लातूरचा व्यापारी नुसता ‘शंभर रुपये’ असे कधी लिहीत नसे, कोणते ते लिही. व्हिज्युअल बेसिकमधील ‘इंटिजर’ दोन बाइटांचा. सोळा बिटी विंडोजचा पूर्णांकही दोनच बाइटांचा होता, म्हणून हिशेब जुळे. १९९५ मध्ये विंडोज ३२ बिटी झाली, तिचा पूर्णांक चार बाइटांचा झाला, आणि बेसिकने आपले जुने नाणे तसेच ठेवून चार बाइटांसाठी ‘लाँग’ वापरा असे सांगितले. ‘राइटप्रिंटर’ किती बाइट छापले ते शेवटच्या चलात परत लिहितो, आणि ते चल मी ‘इंटिजर’ म्हणून घोषित केले होते. विंडोजने आपल्या हिशेबाने चार बाइट लिहिले. पहिल्या दोनांत खरा आकडा गेला, उरलेली दोन शून्ये शेजारच्या चलावर जाऊन पडली, आणि शेजारी पोत्यांची संख्या होती.

या चुकीला वयाचे बंधन नाही. पायथनमध्ये ‘सीटाइप्स’ हे साधन २००६ साली, २.५ या आवृत्तीबरोबर, भाषेच्या अधिकृत ग्रंथालयात आले आणि त्यामुळे सीचा एक शब्दही न लिहिता कोणत्याही सी ग्रंथालयातील फलनाला, म्हणजे फंक्शनला, हाक मारणे शक्य झाले. परंतु उत्तर कोणत्या प्रकारचे आहे हे सांगितले नाही तर सीटाइप्स ते सीचा साधा पूर्णांक आहे असे गृहीत धरते. तो चार बाइटांचा, आणि ६४ बिटी यंत्रावरील स्मृतीचा पत्ता आठ बाइटांचा. पत्त्याचा वरचा अर्धा भाग वाटेतच गळून पडतो आणि उरलेल्या पत्त्यावर दुसरेच कोणी राहत असते. पायथनसारख्या सौम्य भाषेत वर्षानुवर्षे काम केलेल्या माणसाचा प्रोग्रॅम अशा वेळी चुकीचा साधा संदेशही न देता जागच्या जागी कोसळतो, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जो अविश्वास उमटतो तो मला चांगला ओळखू येतो.

दारे अलीकडे आणखी आवळली जात आहेत. ओपनबीएसडी या सुरक्षेबाबत कडक समजल्या जाणाऱ्या प्रणालीने एप्रिल २०२४ मधील ७.५ या आवृत्तीत क्रमांक देऊन कोणतीही मागणी करण्याचे सर्वसाधारण दारच काढून टाकले. प्रत्येक मागणीने आपल्या नावाने आणि नेमून दिलेल्या जागेवरूनच यावे, असा तिचा दंडक आहे. कारण उघड आहे: क्रमांकाने आत शिरण्याची सोय जशी पर्लच्या अभ्यासकाला तशीच चोरालाही होती.

हाक नेहमी एकाच दिशेने जाते असेही नाही. विंडोजला ‘उघड्या सर्व खिडक्यांची यादी दे’ असे म्हटले तर ती यादी देत नाही. तुमच्या एका फलनाचा पत्ता मागून घेते आणि प्रत्येक खिडकीसाठी तीच त्या फलनाला हाक मारते. व्हिज्युअल बेसिकला असा पत्ता देता येत नसे. १९९७ मधील पाचव्या आवृत्तीत ‘ॲड्रेसऑफ’ आला तेव्हा प्रथमच सरकार कुणब्याच्या दारी येऊन त्याच्या भाषेत हाक मारू शकले. खऱ्या कचेरीचेही दिवस असेच पालटले: सप्टेंबर १९४८ मध्ये निजामाची राजवट संपली, १९५६ च्या नोव्हेंबरात मराठवाडा मुंबई राज्यात आला, कचेरीची भाषा कालांतराने मराठी झाली आणि उर्दूचे अर्जनवीस हळूहळू उठून गेले. मिसली मात्र राहिल्या. २०२३ साली मराठा समाजाच्या कुणबी दाखल्यांसाठी नेमलेल्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामासाठी निजामकालीन दप्तरांतून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा मराठी जाणणाऱ्या सरकारी कचेऱ्यांनाच मोडी आणि उर्दू वाचणारी माणसे शोधत फिरावे लागले.