औषध गोळीत किती, रक्तात किती?

फेफरे येऊन मूल कोसळले की कोणी कांदा आणायला धावतो, कोणी चप्पल हुंगवतो. अपस्मार हा मेंदूचा विकार आहे, हे ग्रीक वैद्यांनी सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वीच लिहून ठेवले. मात्र गुणकारी औषधासाठी एकोणिसावे शतक उजाडावे लागले.

१८५७ साली लंडनचे चार्ल्स लोकॉक यांनी पोटॅशियम ब्रोमाइडचा उपयोग सांगितला. १९१२ मध्ये जर्मनीतील तरुण डॉक्टर आल्फ्रेड हाउप्टमान यांनी फेनोबार्बिटल या झोपेच्या औषधाने झटके कमी होतात, असे दाखवून दिले. परंतु दोन्ही औषधांनी गुंगी येई. पुढे अमेरिकेत बोस्टन येथे ट्रेसी पुटनम व ह्यूस्टन मेरिट यांनी मांजरांवर विजेचे प्रयोग करून अनेक रसायने पारखली आणि १९३८ मध्ये फेनिटॉईन पुढे आणले. हे रसायन जर्मनीत १९०८ सालीच तयार झाले होते. त्याचा हा गुण मात्र तीस वर्षे अज्ञात राहिला!

औषध सापडले; पण शरीरात गेल्यावर त्याचे काय होते? याचा धडा ऑस्ट्रेलियात मिळाला. १९६८ च्या सुमारास तेथे फेनिटॉईन घेणारे अनेक रुग्ण झोकांड्या खाऊ लागले, त्यांना एकाचे दोन दिसू लागले. मात्रा पूर्वीचीच होती; रक्तातील औषध मात्र फार वाढले होते. ब्रिस्बेनच्या संशोधकांनी १९७२ मध्ये कारण प्रसिद्ध केले. कॅप्सूलमध्ये भर म्हणून घातलेली भुकटी बदलली होती. पूर्वीच्या कॅल्शियम सल्फेटमुळे औषध आतड्यात पुरेसे शोषले जात नव्हते. नव्या लॅक्टोजबरोबर ते अधिक शोषले जाऊ लागले.

एवढ्याने विषबाधा का व्हावी? एस.टी. स्थानकावर तिकिटाची एकच खिडकी असावी, तसे आपले यकृत आहे. ते फेनिटॉईनचा निचरा ठराविक वेगानेच करू शकते. खिडकीची क्षमता संपली की थोडे प्रवासी वाढले तरी रांग भराभर लांबते. तसेच मात्रा थोडी वाढली तरी रक्तातील औषध कितीतरी वाढते. क्षयरोगावरील आयसोनियाझिडही ही खिडकी मंदावते. शिवाय प्रत्येकाच्या यकृताचा वेग आनुवंशिकतेने वेगळा असतो.

म्हणून पालकांना विनंती की, शेजाऱ्याची मात्रा आपल्या मुलाला देऊ नका. गोळीची कंपनी परस्पर बदलू नका. दुसरे औषध चालू असेल तर डॉक्टरांना सांगा. लग्नाची बोलणी निघताच मुलीच्या गोळ्या गुपचूप बंद करणारी घरे आहेत. औषध एकाएकी थांबवल्याने लागोपाठ झटके येऊन जीवही जाऊ शकतो. विद्यार्थी मित्रहो, वर्गमित्राला झटका आला तर त्याला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका. तो शुद्धीवर आला की त्याला पुन्हा आपल्याच बाकावर बसवून घ्या.