पिवळा दिवा

मंडळी, या शनिवारी कोड नाही, गाडी. म्हणजे थोडा कोडही आहेच.

तर झालं असं की आमच्या बाबांची २०१३ सालची हॅचबॅक. डॅशबोर्डवर इंजिनच्या आकाराचा पिवळा दिवा लागला. एका गॅरेजमध्ये स्कॅनर लावला, कोड आला पी०१७१. "ऑक्सिजन सेन्सर गेलाय साहेब." सेन्सर बदलला, साडेचार हजार गेले, कोड पुसला, दिवा विझला. नवव्या दिवशी पुन्हा हजर! बाबा म्हणाले, "विकून टाकू आता." याच गाडीत मी गिअर टाकायला शिकलो. म्हटलं, विकण्याआधी हा दिवा नक्की कोणी आणि कशासाठी लावला ते तरी बघू.

गोष्ट सुरू होते लॉस एंजेलिसमध्ये, १९४३ च्या जुलैत. शहरावर असं धुरकं उतरलं की डोळे चुरचुरायला लागले. युद्धाचे दिवस, लोकांना वाटलं जपान्यांनी विषारी वायू सोडला. खरा गुन्हेगार सापडायला पुढची काही वर्षं गेली. आरी हागेन-स्मिट हा मूळचा डच रसायनशास्त्रज्ञ तिथल्या कॅलटेकमध्ये अननसाच्या वासावर काम करत होता. त्याने १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवून दिलं की न जळलेलं इंधन आणि नायट्रोजनची ऑक्साइड्स यांच्यावर ऊन पडलं की ओझोन तयार होतो. म्हणजे शत्रू विमानातून आला नव्हता, लोकांच्या गाड्यांच्या सायलेन्सरमधून येत होता.

मग १९६७ मध्ये कॅलिफोर्नियाचं हवा मंडळ आलं (पहिला अध्यक्ष हाच हागेन-स्मिट), १९७० मध्ये अमेरिकेचा स्वच्छ हवा कायदा आला आणि १९७५ च्या मॉडेलपासून गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लागले. पुढे तीन वायू एकदम साफ करणारा कन्व्हर्टर आला, पण त्याचे नखरे फार. एक भाग पेट्रोलला बरोबर १४.७ भाग हवा मिळाली तरच तो नीट काम करणार. बिचाऱ्या साध्या कार्बोरेटरला इतकं नेमकं कुठून जमणार?

उत्तर होतं बॉशचा लॅम्डा सेन्सर. व्होल्वोने १९७६ मध्ये कॅलिफोर्नियासाठीच्या गाड्यांत तो बसवला. जळलेल्या धुरात ऑक्सिजन किती उरला हे तो व्होल्टेजमध्ये सांगतो आणि त्यावरून संगणक पेट्रोल कमी-जास्त करतो. आपल्या भाषेत फीडबॅक लूप! आता लूप आला म्हणजे बिघाडही आला आणि बिघाड कळायला काहीतरी खूण हवी. १९८१ च्या मॉडेलपासून जनरल मोटर्सने अमेरिकेतल्या आपल्या जवळपास सगळ्या पेट्रोल गाड्यांत संगणक घातला, सोबत 'चेक इंजिन' दिवा. स्कॅनर नसला तरी चालायचं. डॅशखालच्या सॉकेटच्या दोन पिना कागदाच्या क्लिपने जोडल्या की दिवा कोड मिचकावून दाखवायचा. एकदा, थांबून दोनदा, म्हणजे १२ नंबर. ही खरी कमांड लाइन :)

गोंधळ एवढाच की प्रत्येक कंपनीची भाषा वेगळी. कॅलिफोर्नियाने १९८८ च्या मॉडेलपासून गाडीने स्वतःची तपासणी करायची सक्ती केली. १९९६ पासून संपूर्ण अमेरिकेत ओबीडी-२ आलं: एकच सोळा पिनांचं सॉकेट, मूळ कोड सगळ्यांना सारखे. त्यामुळे कोड वाचायला कंपनीच्याच दारात जायची गरज उरली नाही. आपल्याकडे बीएस-४ गाड्यांना एप्रिल २०१० पासून ओबीडी-१ आणि एप्रिल २०१३ पासून ओबीडी-२ आलं. आमची गाडी बरोबर त्या पहिल्या वर्षातली.

हे वाचताना माझी ट्यूब पेटली. ऑइल प्रेशरला वेगळा लाल दिवा आहे. हा पिवळा दिवा जन्माला आला तो मुळात हवेसाठी, मेकॅनिकच्या सोयीसाठी नव्हे. पी०१७१ चा अर्थ 'सेन्सर गेला' असा नाहीच. अर्थ एवढाच की धुरात ऑक्सिजन जास्त दिसतोय, पेट्रोल वाढवून वाढवून संगणक थकला. सेन्सर हा निरोप्या. आम्ही साडेचार हजार देऊन निरोप्या बदलला होता! शिवाय कोड पुसला की तो आला त्या वेळचं इंजिनचं तापमान, वेग वगैरे नोंदीही जातात. बग आला की लॉग डिलीट करायचा, तसलाच प्रकार.

मग गेलो गल्लीच्या टोकाच्या म्हाताऱ्या मेकॅनिक काकांकडे. त्यांनी स्कॅनरला हात लावला नाही. म्हणाले, "गाडी रात्रभर इथंच ठेव. सकाळी गार असताना ऐकू."

सकाळी सुरू केल्यावर इंजिनजवळ बारीक टिक-टिक. दोन-तीन मिनिटांत इंजिन तापलं आणि आवाज गायब.

"मॅनिफोल्डची गॅस्केट फुटलीय. तापली की लोखंड फुगतं, आवाज बुजतो. पण बाहेरची हवा आत जातेच."

म्हणजे सेन्सर खरंच बोलत होता, जुनाही आणि नवाही. ऑक्सिजन जास्त होताच, फक्त तो इंजिनातून आलेला नव्हता. संगणक मात्र इमानदारीत पेट्रोल ओतत राहिला, म्हणून ॲव्हरेजही पडलं होतं. गॅस्केट बदलली, दीड हजारात काम झालं. चार महिने झाले, दिवा लागलेला नाही.

काका म्हणाले, "दिवा काय झालं ते सांगतो. का झालं ते आपण शोधायचं." आमच्या ऑफिसात यासाठी दोन तासांची मीटिंग होते.

असो. बाबांनी विकायचा विषय परत काढलेला नाही. उद्या सकाळी गाडी धुवायची आहे.