घरचा मिस्त्री

सायकलच्या इतिहासात गुरांच्या डॉक्टरचे स्थान फार वरचे आहे. सायकलवाले हे सांगत नाहीत आणि गुरांच्या डॉक्टरांना ते ठाऊक नसते, म्हणून मला सांगावे लागते. 1860 च्या दशकात पॅरिसला ज्या पायडलच्या सायकली निघाल्या, त्यांची चाके लाकडी आणि त्यावर लोखंडी धाव, म्हणजे थेट आपल्या बैलगाडीसारखी. फरक एवढाच की बैलगाडीत बुडाखाली कडब्याची पेंढी तरी घेता येते. इंग्रजांनी या वाहनाला बोनशेकर, म्हणजे हाडे खिळखिळी करणारे, असे नाव ठेवले. नावे ठेवण्यात ते आपल्या मागे नाहीत.

मग 1888 च्या सुमारास बेलफास्टच्या जॉन बॉइड डनलॉप नावाच्या पशुवैद्याने आपल्या मुलाच्या तीनचाकीला रबराची नळी बसवून तीत हवा भरली. बापाने पोराची सायकल घरच्या घरी दुरुस्त केली आणि जगाचे मणके वाचले. पेटंटही मिळाले. पण पुढे असे निघाले की, रॉबर्ट टॉमसन नावाच्या स्कॉटिश माणसाने हवेच्या चाकाचे पेटंट 1845 सालीच घेऊन ठेवले होते! डनलॉपचे पेटंट रद्द झाले. घरी काम केले की हे असे होते. काम होते, कागद राहतात.

आमच्या नगरला (कागदोपत्री आता अहिल्यानगर, पण तोंडाची सवय जात नाही) घरी गाडी उघडण्याची विद्या आणली ती लुनाने. 1972 साली एच. के. फिरोदियांच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने ही 50 सीसीची मोपेड बाजारात आणली. पियाजिओच्या चाओ या इटालियन मोपेडवर बेतलेली. कुळ इटलीचे, पण जन्म नगरचा, त्यामुळे कुठल्याही खड्ड्याला ती घाबरत नसे. चालली तर मोटारसायकल आणि बंद पडली तर सायकल, ही तिची थोरवी. पायडल मारत घरी येणाऱ्या माणसाकडे कोणी वळूनही बघत नसे, कारण बघणारा मागल्या आठवड्यात तसाच आलेला असे.

रविवारी सकाळी माळीवाड्यापासून भिंगारपर्यंत दारोदार लुना उघडलेल्या असत. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलबरोबर ऑइलही जळते, त्याची काजळी धरते. म्हणून प्लग काढून पॉलिश पेपरने घासायचा, कार्बोरेटरच्या जेटमध्ये केसाएवढी तार घालून फुंकर मारायची, सायलेन्सर खरवडायचा. आमचे वडील हे सगळे बनियनवर करत. शेवटी पुढच्या स्प्रिंगांना ग्रीस. जे धक्के स्प्रिंगांना झेपत नसत ते सीट घेई, आणि सीटला न झेपणारे वडील घेत. सर्व्हिसिंग संपल्यावर दोन-तीन नट उरायचे. ते जादाच होते असे वडील सांगत आणि एका डब्यात ठेवून देत. डबा पुढे इतका जड झाला की आई दार वाऱ्याने आपटू नये म्हणून त्याचा उपयोग करू लागली.

आता विचार केला तर लक्षात येते की, ही मिस्त्रीगिरी आपल्या हुशारीवर चालत नव्हती. चालत होती ती गाडीच्या भोळेपणावर. काय बिघडले ते दिसायचे आणि चुकलेच तर गाडी फक्त थांबायची.

नगरात लुना येऊन चार वर्षे झाली असतील, 1976 साली, तिकडे कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत काही तरुण पाइन माउंटनच्या कुशीतल्या एका कच्च्या उतारावरून जुन्या श्विन सायकली सोडून शर्यती लावू लागले होते. उलटे पायडल मारून लागणारा ब्रेक. उतार संपेपर्यंत हबमधल्या ग्रीसचा धूर व्हायचा. मग हब उघडायचा, नवे ग्रीस भरायचे, की पुन्हा वर. या 'पुन्हा भरण्या'वरून त्या उताराचे नावच रिपॅक पडले. आपल्याकडे घाटाला देवाचे नाव देतात, त्यांनी ग्रीसचे दिले. त्यांच्यातल्याच जो ब्रीझने 1977 साली या कामासाठी मुद्दाम सायकल बांधली आणि माउंटन बाइक नावाचा संसार सुरू झाला.

पण तिलाही पुढे स्प्रिंग नव्हती. मोटारसायकलींच्या शर्यतींत मुरलेल्या पॉल टर्नरने 1989 साली रॉकशॉक्स काढली आणि तेल-हवेचा फोर्क सायकलला आणला. त्याच सुमारास डग ब्रॅडबरीने कोलोरॅडोत आपल्या गॅरेजमध्ये मॅनिटू फोर्क घडवले. अमेरिकेत गॅरेज हा घराचाच भाग. आपल्याकडे गॅरेज म्हणजे गाडी सोडून 'संध्याकाळी या' हे ऐकण्याची जागा. त्यामुळे काम घरी करावे की गॅरेजमध्ये, हा वाद अमेरिकन माणसाला समजावून सांगणेच अवघड.

आमच्या घरात तो भाच्यामुळे उभा राहिला. त्याच्याकडे असा हवेचा फोर्क असलेली सायकल आहे आणि तो चांदबीबी महालाच्या टेकडीवरून जे उतरतो, त्याला उतरणे म्हणणे मला जड जाते. रॉकशॉक्सच्या बऱ्याच फोर्कना 50 तास चालवल्यावर खालचे पाय उघडून साफ करा आणि 200 तासांनी आतला डॅम्पर पाहा, असे कंपनीच सांगते. रोज तासभर धरला तर सात आठवड्यांत पहिली मुदत भरते. आमच्याकडे मुदत ठेवसुद्धा इतक्या लवकर पिकत नाही.

मी कॉमर्सचा माणूस. घसारा हा शब्द बत्तीस वेळा लिहून पास झालो. तो डोळ्यांनी पाहिला तो या फोर्कमध्ये. वरच्या चकचकीत नळ्या खालच्या पायांत वरखाली होतात. तोंडाशी रबरी सील, त्याखाली तेलात भिजलेली स्पंजची कडी. सीलमधून आपल्या जिल्ह्याची बारीक धूळ शिरली की तेलाची राबडी होते आणि नळीवरचा मुलामा खरवडला जातो. सील बदलता येतात. नळी खरवडली तर जवळपास अर्धा फोर्कच नवा.

भाच्याचे म्हणणे, घरी करू. आधी हवा पूर्ण सोडायची (मोटारीच्या टायरात 30 पौंडांच्या आसपास दाब असतो, यात स्वाराच्या वजनाप्रमाणे 70-80 किंवा जास्तही), खालचे बोल्ट थोडे सैल करून रबरी हातोडीने ठोकायचे, पाय ओढून काढायचे, पुसायचे, कडी भिजवायची, सिरिंजने मोजून काही मिलिलिटर ताजे तेल घालायचे आणि बोल्ट नेमक्या जोराने आवळायचे. तेलाचा थेंब डिस्क ब्रेकवर पडू द्यायचा नाही, नाहीतर फोर्क उत्तम आणि सायकल थांबत नाही, अशी अवस्था. मी वहीत जमाखर्च मांडला. तेल, सील, हातोडी, मोजून आवळणारा पाना: पहिल्या खेपेला वर्कशॉप स्वस्त. तिसऱ्या-चौथ्या खेपेपासून घर स्वस्त.

हिशेब जुळला तरी मी सही करीना. म्हणून आम्ही ती सायकल आमच्या पंक्चरवाल्या मिस्त्रीकडे नेली. त्याने फोर्क दोनदा दाबला, कान लावून ऐकला आणि म्हणाला, "भाऊ, चाकाचं आऊट काढून देतो, बेरिंग बदलून देतो. पण ह्याच्यात मी हात नाय घालनार. पोरगं उतारानं जानार हाय."

चाळीस वर्षांचा धंदा असलेला माणूस आलेले गिऱ्हाईक परत पाठवतो, याची किंमत कुठल्या रकान्यात मांडायची ते मला कॉलेजात शिकवले नव्हते. लुनाचा नट उरला तर वडील पायडल मारत येत. या फोर्कचा बोल्ट सैल राहिला तर भाचा पायडल मारायला शिल्लक राहीलच असे नाही. बँकेत व्हाउचर लिहिणारा वेगळा आणि पास करणारा वेगळा असतो, तो काही लिहिणारा चोर आहे म्हणून नव्हे. स्वतः लिहिलेली चूक स्वतःला दिसत नाही, म्हणून. घरच्या मिस्त्रीला पास करणारा कोणी नसतो, ही त्याची खरी अडचण. हत्यारे काय, विकत मिळतात.

बहिणीने विचारले, "दादा, शेवटी ठरलं काय तुमचं?" ठरले ते असे. खालचे पाय घरी. डॅम्पर पुण्याच्या वर्कशॉपला, कारण त्यातली हवेची बुडबुडी काढायला खास हत्यारे लागतात आणि ती बाहेर आली की नाही हे डोळ्यांना दिसत नाही. उद्या मागचा शॉक असलेली सायकल घेतलीस तर त्याला हात लावायचा नाही, त्यात पुष्कळदा दाबाने नायट्रोजन भरलेला असतो, हेही बजावले. आणि घरच्या कामाला एक वही.

गेल्या रविवारी पहिली नोंद झाली. भाच्याने काम केले, लिहिले, 'दोन्ही बोल्ट आवळले.' मी पाना लावून दोन्ही बोल्ट स्वतः पाहिले आणि मगच सही केली. तारीख घालायची राहिली होती, ती त्याच्याकडून घालून घेतली.